थंड काचेवर निपचित, गरम काचेवर सैरावैरा

मूळ प्रश्न थोडक्यात असा. कंपोस्टच्या तापलेल्या ढिगातून वेगळा केलेला एक दंडाकृती जिवाणू ६० अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर निपचित पडलेला असतो. गरम करता येणाऱ्या स्टेजवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या तबकावर, घेतला तर सगळं वळवळताना दिसतं. मग त्याला चल म्हणायचं की अचल? आणि तापमान वाढवत नेलं की वेग वाढतच जातो का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. थंड काचेवर निपचित दिसला म्हणून तो अचल ठरत नाही, आणि गरम काचेवर वळवळला म्हणून तो पोहतो असंही ठरत नाही. या दोन्ही चुका मी स्वतः केल्या आहेत. एका जिवाणूची नोंद 'अचल' अशी करून वही मिटली आणि पुढे कित्येक महिन्यांनी तोच जिवाणू गरम स्टेजवर सुसाट धावताना पाहिला. दुसऱ्या वेळी उलटं झालं. मोठ्या उत्साहाने चित्रफीत दाखवली आणि समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "हे सगळे एकाच दिशेला का चाललेत?" ते पोहत नव्हते, पाण्याबरोबर वाहत होते.

दुसऱ्या भागाचं उत्तर लांबणार आहे, कारण 'तापमानाचा हालचालीवर परिणाम' ही एकच गोष्ट नाही. तापमान पाण्यावर काम करतं, पेशीच्या मोटरवर, म्हणजे शेपटी फिरवणाऱ्या प्रथिनांच्या यंत्रावर करतं, मोटरला ऊर्जा देणाऱ्या पेशीपटलावर करतं, शेपटीच्या प्रथिनावर करतं आणि ती शेपटी मुळात बनवायची की नाही हे ठरवणाऱ्या जनुकांवरही करतं. आपल्याला दिसतो तो वेग या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन आलेला असतो. आकडा हातात आला की आधी विचारायचं, यातलं पाण्याचं श्रेय किती आणि जिवाणूचं किती?

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. २० अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे साध्या भाषेत दाटपणा, जवळजवळ १ मिलिपास्कल-सेकंद असते. ६० अंशांना ती ०.४७ वर येते, ८० अंशांना ०.३५ वर आणि १०० अंशांना ०.२८ वर. डोळ्यांना पाणी तेच दिसतं, पण जिवाणूच्या दृष्टीने ८० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट पातळ असतं. आपल्यासारख्या मोठ्या प्राण्याला याचं फारसं काही वाटणार नाही. जिवाणूला वाटतं, कारण त्याच्या जगात जडत्वाला काही किंमतच नसते. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध व्याख्यानात हिशोब मांडला होता: पोहणाऱ्या जिवाणूने शेपटी फिरवणं थांबवलं तर तो एका अणूच्या रुंदीइतकाही पुढे सरकत नाही, जागच्या जागी थांबतो. म्हणजे प्रत्येक क्षणी त्याचा वेग म्हणजे मोटरचा जोर भागिले पाण्याचा विरोध. विरोध तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि मोटरचा जोर तोच राहिला, तर जिवाणूने काहीही वेगळं न करता वेग तिप्पट होतो.

आता ब्राउनीय हालचाल. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी मेलेली पेशीसुद्धा थरथरते, हे सगळ्यांना माहीत असतं. तापमानाने ती वाढते हेही माहीत असतं. किती वाढते ते मात्र कोणी मोजत नाही. २० वरून ८० अंशांवर गेलं तर केल्विनमध्ये ते २९३ वरून ३५३, म्हणजे धक्क्यांमागची ऊर्जा जेमतेम वीस टक्क्यांनी वाढली. पण पाणी तिप्पट पातळ झालं. दोन्हींचा गुणाकार केला की एक मायक्रोमीटर व्यासाच्या गोळ्याचा विसरण गुणांक, म्हणजे थरथरत पसरण्याचा दर, सेकंदाला सुमारे ०.४३ वर्ग मायक्रोमीटरवरून १.४६ वर जातो, म्हणजे साधारण ३.४ पट. थंड काचेवर संथ थरथरणारी मेलेली पेशी गरम काचेवर चांगलीच नाचायला लागते ती यामुळे. 'सगळं वळवळतंय' या निरीक्षणात हा नाच किती आणि पोहणं किती, हे आधी वेगळं केलंच पाहिजे.

त्यासाठी साधी युक्ती आहे. पेशीने कापलेलं अंतर वेगवेगळ्या कालावधीत मोजा. निव्वळ थरथर असेल तर चौपट वेळ दिल्यावर सरासरी अंतर दुप्पटच होतं. खरं पोहणं असेल तर, निदान पेशी दिशा बदलेपर्यंत, चौपट वेळात अंतर चौपट होतं. आणि सोबत त्याच द्रावात, त्याच तापमानाला फॉर्मालिनने मारलेल्या पेशी किंवा तितक्याच आकाराचे पॉलिस्टायरीनचे मणी ठेवून बघा. मणीही तसेच नाचत असतील तर आपण पाणी बघतोय.

पोहणं आहे हे ठरलं की पुढचा हिशोब मला फार उपयोगी पडला आहे. प्रत्येक तापमानाला मिळालेला वेग त्या तापमानाच्या पाण्याच्या व्हिस्कॉसिटीने गुणायचा. समजा ६० अंशांना वेग सेकंदाला २५ मायक्रोमीटर आला आणि ८० अंशांना ३३. आलेखावर छान चढती रेघ दिसते आणि लिहिणारा लिहून टाकतो की मोटर तापमानाने उत्तेजित झाली. पण २५ गुणिले ०.४७ आणि ३३ गुणिले ०.३५ हे जवळजवळ सारखेच येतात. मोटरने काहीही जास्त केलेलं नाही, फक्त पाणी पातळ झालं. गुणाकार तापमानाबरोबर चढत गेला तरच मोटरमध्ये काहीतरी बदललं म्हणायचं. आणि वेग अजून वाढत असताना गुणाकार उतरायला लागला, तर मोटर थकायला लागली आहे आणि पातळ पाणी तिचा थकवा झाकतंय. हा शेवटचा प्रकार नुसत्या वेगाच्या आलेखात कधीच दिसत नाही.

मोटरचं स्वतःचं वागणंही सरळ रेषेत नसतं. आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूवर हॉवर्ड बर्ग आणि लिंडा टर्नर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की मोटरवर भार खूप असेल आणि ती हळू फिरत असेल तर तिचा पिळण्याचा जोर तापमानाने जवळजवळ बदलत नाही. भार कमी आणि फिरकी वेगवान असेल तेव्हाच तापमान बोलायला लागतं, कारण तिथे मोटर चालवणारे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत येण्याचा आणि प्रथिनं जागा बदलण्याचा वेग आड येतो. म्हणजे त्याच जिवाणूची शेपटी काचेला चिकटवून मोटर मोजली तर एक उत्तर मिळेल आणि मोकळा पोहताना मोजला तर दुसरं. उष्णताप्रेमी जिवाणूंच्या मोटरवर असं बारीक काम फार अवघड आहे, पण दाट द्रावात मोजलेला तापमानाचा परिणाम पातळ द्रावाला लावू नये, एवढं तरी यातून घ्यावं.

आता थंड बाजू. उष्णताप्रेमी जिवाणू खोलीच्या तापमानाला का थांबतो? बहुतेक वेळा तो मेलेला नसतो, त्याचं यंत्र आखडलेलं असतं. पेशीपटल त्या तापमानाला घट्ट होतं, मोटरमधली प्रथिनं गरम जागेसाठी ताठ घडलेली असतात आणि थंडीत ती हलेनाशी होतात, चयापचय मंद झाल्याने ऊर्जाही मिळत नाही. याचं सगळ्यात नीट मोजलेलं उदाहरण थर्मोटोगा मॅरिटिमा. इटलीतल्या व्हल्कॅनो बेटाच्या तापलेल्या समुद्रतळातून मिळालेला आणि १९८६ मध्ये वर्णन झालेला हा जिवाणू साधारण ५५ ते ९० अंशांत वाढतो, ८० ला सगळ्यात चांगला. १९९५ मध्ये त्याच्या हालचालीवर काम प्रसिद्ध झालं. तो सुमारे ५० अंशांपासून १०५ अंशांपर्यंत हलताना दिसला, कमाल वेग ८५ च्या आसपास, सेकंदाला साधारण ६० मायक्रोमीटर. हालचालीचा पल्ला वाढीच्या पल्ल्यापेक्षा दोन्हीकडे रुंद आहे, पण वरच्या बाजूला जास्त. जिथे तो वाढू शकत नाही तिथेही तो पळू शकतो. मला यात शहाणपण दिसतं. गरम झऱ्याच्या तोंडाशी चुकून ओढला गेलेला जिवाणू तिथे पिल्लं घालायला गेलेला नसतो, त्याला फक्त बाहेर पडायचं असतं.

आखडलेलं यंत्र किती पटकन सुटतं याचा अंदाज माझाही चुकीचा होता. मला वाटायचं, अर्धा तास तरी उबवावं लागेल. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात राइनहार्ड विर्ट यांच्या गटाने साध्या सूक्ष्मदर्शकाला जोडता येईल असं एक उपकरण बनवलं: अवघ्या दोन सेंटिमीटरच्या अंतरात ४० अंशांचा फरक ठेवता येतो, सेकंदाला पाच अंशांपर्यंत तापवता येतं आणि ११० अंशांपर्यंत जाता येतं. २०१४ मध्ये त्यांनी त्यातून दाखवलं की अतितापप्रेमी सूक्ष्मजीव नऊ महिने थंडीत साठवल्यानंतरही गरम होताच काही सेकंदांत पोहायला लागतात. सेकंदांत! एवढ्या वेळात नवं प्रथिन तयार होऊन जागेवर बसणं शक्य नाही. म्हणजे शेपटी, मोटर आणि थोडीबहुत ऊर्जा सगळं शाबूत असतं, फक्त उष्णतेची वाट बघत असतं. शीतपेटीतून काढलेल्या नमुन्याला 'मेला असेल' म्हणून टाकून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वरच्या बाजूला गोष्ट वेगळी आहे. थंडीचं थांबणं बहुधा उलटवता येतं, उष्णतेचं थांबणं पुष्कळदा येत नाही. साल्मोनेलासारख्या साध्या जिवाणूची शेपटी ६०-६५ अंशांना काही मिनिटं ठेवली की ती सुटून तिचे प्रथिनाचे सुटे तुकडे होतात. प्रयोगशाळेत हे प्रथिन वेगळं करायची ती नेहमीची पद्धतच आहे. कंपोस्टमधल्या जिवाणूच्या शेपटीला त्याच तापमानाला दिवसरात्र फिरायचं असतं, म्हणजे तिची बांधणी किती घट्ट असेल बघा. पण तिलाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा नुसत्या अंशांची नसते, अंश आणि मिनिटं या दोन्हींची असते. सोयीच्या तापमानापेक्षा आठ-दहा अंश वर नेलेली पेशी पहिल्या मिनिटात कमाल वेगाने धावेल आणि दहाव्या मिनिटाला थांबलेली असेल. पहिल्या मिनिटात मोजणारा सांगेल वेग वाढला, दहाव्या मिनिटात मोजणारा सांगेल घटला, आणि दोघंही खरंच बोलत असतील. म्हणून 'सर्वाधिक वेगाचं तापमान' हा आकडा किती वेळानंतर मोजला हे सांगितल्याशिवाय मला पोकळ वाटतो. थांबलेल्या पेशी पुन्हा सोयीच्या तापमानाला आणून बघाव्यात. धावायला लागल्या तर फक्त ऊर्जा तुटली होती, नाही लागल्या तर काहीतरी मोडलं.

ऊर्जेचा मुद्दा आला म्हणून पेशीपटलाकडे वळतो. जिवाणूच्या शेपटीची मोटर पटलाच्या बाहेरून आत येणाऱ्या आयनांवर चालते. बहुतेकांत हे आयन प्रोटॉन असतात. तापमान वाढलं की पटल सैल होतं आणि प्रोटॉन मोटरमधून न जाता पटलातूनच झिरपायला लागतात. धरणाच्या भिंतीतून पाणी पाझरावं आणि जनित्रापर्यंत जोर पोहोचू नये, तसं. सोडियमचे आयन पटलातून प्रोटॉनइतके सहज झिरपत नाहीत, म्हणून काही उष्णताप्रेमी जिवाणूंनी सोडियमचा आधार घेतला आहे. ८५ अंशांच्या पुढे आरामात वाढणाऱ्या ॲक्विफेक्स इओलिकसची मोटर सोडियमवर चालते असं प्रयोगांतून दिसलं आहे.

आर्कियांनी, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या कुळातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवांनी, तर सगळी रचनाच वेगळी केली. दिसायला त्यांची शेपटी जिवाणूच्या शेपटीसारखीच फिरते, पण तिचं नातं जिवाणूंच्या पिलायशी, म्हणजे पेशीबाहेर फेकल्या जाणाऱ्या बारीक दोऱ्यांशी आहे. ती जास्त बारीक असते, टोकाकडून नाही तर मुळाकडून वाढते, आणि मुख्य म्हणजे आयनांच्या प्रवाहावर न चालता थेट एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जा साठवणारं रसायन, खर्चून फिरते. या फरकामुळे २०१२ मध्ये तिला आर्केलम हे स्वतंत्र नावही सुचवलं गेलं. पटल थोडं झिरपलं तरी एटीपीचा साठा असेपर्यंत अशी मोटर लगेच थांबायचं कारण नाही. उकळत्या पाण्याच्या आसपास पोहणाऱ्यांत आर्किया इतके पुढे का, याचं हे एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पटलातली इथर बंधांची मेदद्रव्यंही तितकीच महत्त्वाची, कित्येकांत तर दोन थर एकाच रेणूने आरपार शिवलेले असतात. पण आर्कियाचे आकडे जिवाणूंच्या सूत्रात बसवायला जाऊ नका.

आणि ते आकडे बघण्यासारखे आहेत. १९८२ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळातून, सुमारे २६०० मीटर खोलीवरून अल्विन या पाणबुडीने आणलेल्या नमुन्यात मिथेनोकॅल्डोकॉकस जनाशी हा मिथेन बनवणारा आर्किया सापडला. तो ८५ अंशांच्या आसपास सगळ्यात जोमाने वाढतो. विर्ट यांच्याच गटाने २०१२ मध्ये त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३८० मायक्रोमीटर नोंदवला, आणि आइसलंडच्या उत्तरेकडच्या समुद्रतळातला त्याचाच भाऊबंद, मिथेनोकॅल्डोकॉकस व्हिलोसस, हाही तसाच सुसाट निघाला. स्वतःच्या लांबीच्या हिशोबात हे सेकंदाला चारशे-पाचशे पट होतं. ई. कोलाय दहा-पंधरा पटींवर थांबतो आणि धावणारा चित्ता वीसेक पटींवर. त्याच कामात पायरोकॉकस फ्युरिओसस, ज्याचं नावच 'धावता अग्निगोल' अशा अर्थाचं आहे आणि जो १०० अंशांना सगळ्यात जोमाने वाढतो, तो सेकंदाला साठेक मायक्रोमीटरवरच होता. म्हणजे सगळ्यात गरम जागी राहणारा सगळ्यात वेगवान, असं मुळीच नाही. जातीजातीत सहा-सात पट फरक आहे आणि तो तापमानाने समजावता येत नाही.

मग एवढा वेग कशासाठी? माझं मत सांगतो. गरम पाण्यात जिवाणूला दिशा सांभाळणं कठीण होतं. ब्राउनीय धक्के पेशीला नुसतं सरकवत नाहीत, फिरवतातही. एक मायक्रोमीटरचा गोळा २० अंशांच्या पाण्यात साधारण ०.४ सेकंदात आपली दिशा विसरतो, ८० अंशांच्या पाण्यात ०.११ सेकंदात. (लांबट पेशी आणि लांब शेपटी असेल तर हा काळ वाढतो, पण दोन तापमानांतलं प्रमाण तेच राहतं.) म्हणजे सरळ जायला वेळ कमी. त्या तेवढ्या वेळात अंतर कापायचं असेल तर वेग पाहिजे.

दुसरं कारण तापमान ओळखण्याचं. पाण्यात उष्णता साध्या विरघळलेल्या पदार्थांपेक्षा शंभरेक पटींनी झपाट्याने पसरते, त्यामुळे एका पेशीच्या पुढच्या आणि मागच्या टोकांतला फरक नगण्य असतो. वरच्या उपकरणातला उतार घ्या: दोन सेंटिमीटरला ४० अंश, म्हणजे एका मायक्रोमीटरला एका अंशाचा पाचशेवा भाग. एवढ्याशा फरकावरून दिशा ठरवणं अशक्य. म्हणून पेशी पोहता पोहता 'मघाशी किती होतं, आता किती आहे' अशी तुलना करते. सेकंदाला ३० मायक्रोमीटर जाणाऱ्याला एका सेकंदात ०.०६ अंशांचा बदल मिळतो, ४०० मायक्रोमीटर जाणाऱ्याला ०.८ अंशांचा. समुद्रतळावरच्या धुराड्यासारख्या चिमण्यांत तीनशे अंशांहून तापलेलं पाणी आणि दोन अंशांचा समुद्र यांच्यामध्ये काही सेंटिमीटरांची भिंत असते. तिथे योग्य पट्ट्यात राहायचं तर हा संकेत लवकर आणि मोठ्याने ऐकू येणं फायद्याचं. वरच्या दोन्ही मिथेनोकॅल्डोकॉकसांत दोन चाली दिसतात, एक लांब पल्ल्याची सरळ धाव आणि दुसरी पृष्ठभागाजवळची संथ, नागमोडी चाल, जणू आधी जागा बदलायची आणि मग चाचपायचं. याच शेपट्या त्यांना पृष्ठभागाला धरून ठेवायलाही उपयोगी पडतात. तापमानाच्या उतारावर आर्किया दिशा धरतात याचा पहिला पुरावा २०१४ च्या त्याच कामात आला, तो थर्मोकॉकस या आर्कियाच्या जातींवरच्या मोजणीतून.

न पोहणाऱ्यांचं थोडक्यात. उष्णताप्रेमी म्हटल्यावर सगळ्यांना आठवतो तो थर्मस ॲक्वाटिकस. टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या झऱ्यांतून मिळवून १९६९ मध्ये वर्णन केलेला, ज्याचं एन्झाइम पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीत, वापरलं जातं. त्याला पोहायला शेपटीच नाही. त्याचा भाऊ थर्मस थर्मोफिलस पिलाय फेकून, ओल्या पृष्ठभागाला अडकवून, स्वतःला ओढत जातो. २०२४ मध्ये अशीच ओढत जाण्याची चाल सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरिअसमध्येही दाखवली गेली, ७५ अंश आणि आम्लात राहणारा हा आर्किया. गंमत अशी की जिवाणूंत दोरा आत ओढणारं जे प्रथिन असतं ते त्याच्याकडे दिसत नाही. झऱ्यांच्या कडेच्या रंगीत थरांतले तंतू सरपटतात, तेही मायक्रोमीटरच्या हिशोबाने फार सावकाश. अशा चालींत वेगाला पाण्याच्या दाटपणाने गुणण्याचा हिशोब लावू नका, तिथे घर्षण पृष्ठभागाचं असतं.

आता काचेवरचं. गरम स्टेजचा आकडा हा स्टेजचा असतो, नमुन्याचा नसतो. तेलाचं भिंग नमुन्याला टेकलं की धातूचं ते अख्खं नळकांडं उष्णता शोषून घेतं आणि भिंगाखालची जागा कित्येक अंशांनी थंड पडते. तुम्ही ६५ लिहून ठेवता, जिवाणू पन्नाशीत असतो. भिंगालाही तापवणारी पट्टी लावा किंवा अंतर राखणारं कोरडं भिंग वापरा, आणि बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) प्रत्यक्ष द्रावात घालून एकदा तरी पडताळा घ्या. थेंब उघडा ठेवू नका, बाष्पीभवनाने कडेकडे प्रवाह सुरू होतो. दोन्ही टोकं बंद केलेली चपटी काचनळी सगळ्यात बरी. द्राव आधी तापवून त्यातली हवा काढून घ्या, नाहीतर गरम होताना बुडबुडे येतात आणि त्यांच्याभोवतीच्या भोवऱ्यात सगळंच पोहतं.

प्राणवायूचं भानही ठेवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ६० ला पाचाहूनही कमी, ८० ला तीनाच्या आत. त्यात पेशींचा श्वास गरमीत वाढलेला. दाट संवर्धन, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचा द्राव, बंद नळीत घेतलं की थोड्याच वेळात ते गुदमरून थांबतं, आणि आपण लिहितो 'तापमानाने थांबलं'. संवर्धन विरळ करून बघा. आणि पीएच स्थिर ठेवायला घालतात त्यांपैकी ट्रिस बफर टाळा. २५ अंशांना पीएच ८ लावलेलं ट्रिस ७५ अंशांना ६.६ च्या आसपास उतरलेलं असतं. प्रोटॉनवर चालणाऱ्या मोटरचा तापमान-आलेख म्हणून लोक जे काढतात तो कधीकधी पीएचचा आलेख असतो. फॉस्फेट यात बरंच स्थिर राहतं.

मऊ आगाराच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) ताटलीत कडं किती पसरलं यावरून हालचाल ठरवायची पद्धत सोपी, पण तापमानाच्या प्रश्नाला ती वाईट. कडं पसरतं ते पोहणं आणि वाढणं दोन्हींमुळे. तापमान उतरलं, वाढ मंदावली, कडं लहान झालं, एवढ्यावर हालचालीबद्दल काही कळत नाही. ६० च्या वर ताटल्या सुकतात आणि आगार पाणी सोडायला लागतं, तिथे आगाराऐवजी मॅग्नेशियमचे क्षार घालून जेलन गम वापरावा.

जनुकांचा भाग मुद्दाम शेवटी ठेवला. संवर्धन कोणत्या तापमानाला वाढवलं आणि कोणत्या तापमानाला मोजलं हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही लिहायचे असतात. लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस हा उष्णताप्रेमी नाही, पण उदाहरण स्वच्छ आहे: ३० अंशांना वाढवला तर पोहतो, ३७ ला वाढवला तर त्याचे बहुतेक वाण शेपटीच बनवत नाहीत. अशा वेळी मोजणीचं तापमान कितीही बदला, काही हाती लागणार नाही. सल्फोलोबस तर उपासमार झाल्यावर शेपटी बनवतो. उष्णतेत बीजाणू बनवणारे दंडाकृती जिवाणू जुन्या संवर्धनात हालचाल सोडून देतात. तेव्हा रात्रभर ठेवलेलं घट्ट संवर्धन घेऊन बसू नका.

तुमच्या जिवाणूसाठी मी असं करीन. ६० अंशांना वाढवलेलं, वाढीच्या ऐन मध्यावरचं ताजं संवर्धन फॉस्फेट असलेल्या ताज्या गरम माध्यमात दहापट विरळ करा, चपट्या नळीत भरा, सोबत दुसऱ्या नळीत मारलेल्या पेशी. ४० पासून ७५ पर्यंत पाच-पाच अंशांनी चढा, प्रत्येक पायरीला नवी नळी घ्या आणि तापमान स्थिर झाल्यावर पहिल्या मिनिटात चित्रण करा, मग दहाव्या मिनिटात पुन्हा. प्रत्येक पायरीला निदान पन्नास पेशींच्या वाटा आखा आणि किती टक्के पेशी पोहतात हा आकडा वेगापासून वेगळा ठेवा, कारण सरासरीत न हलणाऱ्या पेशी मिसळल्या की वेग खोटा उतरतो. वेगाचा एक आलेख काढा, वेग गुणिले व्हिस्कॉसिटीचा दुसरा. सगळ्या नळ्यांत काहीच पोहताना दिसलं नाही तर ५० अंशांना वाढवलेलं संवर्धन घेऊन एकदा हेच सगळं करा, आणि त्यातही नाही दिसलं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेपटी आहे का ते बघा. त्यानंतरच वहीत 'अचल' लिहा, आणि शेजारी वाढीचं व मोजणीचं तापमानही.